टेलरकाकू रस्त्यावर उतरल्या

गावात कुणाच्या कमरेचा घेर किती वाढला हे दोघांनाच ठाऊक असायचं. एक तो स्वतः आणि दुसऱ्या टेलरकाकू. पण काकू पोटातलं ओठावर येऊ द्यायच्या नाहीत. पँट आवळायला लागली म्हणून कुणी घेऊन आलं, की शिवणीत दाबून ठेवलेलं जादा कापड मोकळं करायच्या, पुन्हा टीप मारायच्या आणि वर म्हणायच्या, "अहो, धुण्यात आटलं असेल." माणूस खूश होऊन जायचा. इतक्या लोकांची मापं घेतली, पण स्वतःच्या कमरेला टेप लावायची बुद्धी काही त्यांना झाली नव्हती.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीला लागून पायाचं मशीन, भिंतीशी शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे, खुंटीवर बाही न लावलेला कोट, आणि खाली सगळीकडे दोऱ्यांचे तुकडे. शेजारच्या शेडमध्ये काकांची पिठाची गिरणी. गिरणीचा पट्टा सुरू झाला की इकडे कात्री थरथरायची. सकाळी बसलेल्या काकू जेवायला तेवढ्या उठायच्या. चहा जागेवर यायचा, तोही असा गोड, की चमचा उभा राहावा.

एक दिवस खडूने बाहीचा गोल आखता आखता काकूंच्या डोळ्यांसमोर अंधारी आली आणि त्या तशाच गणवेशांच्या गठ्ठ्यावर कलंडल्या. काकांनी गिरणी बंद केली नि पिठाने माखलेल्या हातांनीच त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या नर्सताईंनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्राकडे पाहिलं आणि भुवया वर केल्या.

"काकू, साखर बरीच वाढलीय. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. चहातली साखर कमी करायची आणि रोज चालायचं."

"चालायचं? अगं, दिवसभर पायच चालवते की मी!"

"पाय चालतात हो तुमचे. तुम्ही कुठे चालता?"

काका फसकन हसले. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हसू अर्ध्यातच गिळावं लागलं नि खोकल्याची उबळ आली. मग नर्सताई त्यांच्याकडे वळल्या. "आणि काका, हा खोकला गिरणीच्या पिठाचा की सिगारेटचा?" काकांना एकदम बाहेर काहीतरी काम आठवलं.

चालायचं ठरलं, पण कधी? दिवस उजाडला की गिऱ्हाईक दारात. मग उरली ती पहाट. आणि कुठे? गावातल्या गल्ल्या म्हणजे दोन हाका मारेपर्यंत संपणाऱ्या, शेतांच्या बांधांवर चिखल. चालण्याजोगा एकच रस्ता होता, गावाबाहेरून जाणारा डांबरी. पलीकडच्या टेकडीला खडी फोडायचं क्रशर होतं. तिथले ट्रक त्याच रस्त्याने, त्याच वेळेला सुटायचे.

पहिल्या दिवशी काकू अंगावर काळी शाल घेऊन चोरासारख्या बाहेर पडल्या. काहीही काम नसताना चालायला निघालेली बाई गावाने अजून पाहिली नव्हती. नेमकी कोपऱ्यावर शेजारच्या वहिनींनी त्यांना गाठलं. या वहिनींना सगळं गाव रेडिओवहिनी म्हणायचं, कारण सकाळी त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारपर्यंत शेवटच्या घरी पोचायची.

"कुठे निघालात एवढ्या पहाटे? घरात भांडण झालं का?" वहिनींनी आशेने विचारलं.

"चालायला निघालेय."

"कुणाकडे?"

"कुणाकडे नाही. नुसतीच."

रेडिओवहिनींना हे पटणं शक्यच नव्हतं. खरं काय ते शोधून काढायला त्या काकूंबरोबर रस्त्यावरच्या पुलापर्यंत गेल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांची गुडघेदुखी जरा बरी वाटायला लागली आणि मग व्हायचं तेच झालं. बातमी गावभर पोचली. महिना सरता सरता सातआठ जणी जमायला लागल्या. कुणी सासूच्या तावडीतून थोडा वेळ सुटायला यायची, कुणी वजनासाठी, कुणी नुसती हसायला. काकूंचा श्वास आता चढावर अडत नव्हता. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या डुलकी लागायची, तीही बंद झाली. चहात अर्धाच चमचा साखर पडू लागली. पहिला आठवडा त्यांनी तो चहा औषधासारखा तोंड वाकडं करून प्यायला, मग चहाला चहाची चव लागली.

आणि मग ती सकाळ आली. सगळ्याजणी गप्पांच्या नादात रस्त्याच्या कडेने, गाड्यांकडे पाठ करून चालल्या होत्या. मागून खडीचा ट्रक आला. हॉर्न वाजला तेव्हा तो अंगावरच आला होता. ट्रकच्या आरशाचा फटका रेडिओवहिनींच्या खांद्याला बसला आणि त्या गडगडत कडेच्या चारीत गेल्या. ब्रेकचा कर्कश आवाज झाला. काकू चारीत उतरल्या तेव्हा वहिनी शुद्धीवर होत्या, पण त्यांचा हात कोपरापासून भलत्याच दिशेला वळला होता.

जीव वाचला, हात प्लॅस्टरमध्ये गेला. आणि चालणं? ते त्याच दिवशी संपलं. घराघरांतून फर्मानं निघाली. रेडिओवहिनींच्या सासूबाई दारात येऊन काकूंना म्हणाल्या, "तुम्हाला हिंडायचं तर हिंडा. माझ्या सुनेला फूस लावू नका." काकू मान खाली घालून काजं करत राहिल्या.

काकांनी घरच्या घरी उपाय काढला. "अंगणात चाल की. कुणी अडवलंय?" काकूंनी अंगणात चालून पाहिलं. विहिरीपासून दारापर्यंत, दारापासून विहिरीपर्यंत. घाण्याच्या बैलासारखं गरगरायला झालं. चौथ्या दिवशी त्या थांबल्या. चपला अडकवल्या आणि तडक क्रशरची वाट धरली. त्या ड्रायव्हरला चार शब्द सुनावल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत बसला होता. भरघोस मिशांचा, धिप्पाड माणूस. क्रशरवर त्याला मिशीवालाच म्हणायचे. काकूंना पाहताच तो उठून उभा राहिला आणि त्यांनी तोंड उघडायच्या आतच म्हणाला, "त्या बाई कशा आहेत?"

काकूंचे चार शब्द घशातच राहिले. "हात मोडलाय. जुळेल."

"बाई, तुमची शपथ, मला दिसल्याच नाहीत तुम्ही." तो म्हणाला. "तुम्ही सगळ्या काळ्या-करड्या शाली घेतलेल्या, रस्ताही काळा."

"आठजणी दिसत नाहीत? डोळे आहेत का काय?"

मिशीवाल्याने वाद घातला नाही. "उद्या पहाटे माझ्याबरोबर बसाल? पुलापर्यंत. स्वतःच बघा."

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या दिवशी तेही बरोबर आले. काकू जन्मात पहिल्यांदा ट्रकमध्ये चढल्या. काका खालून ढकलत होते, मिशीवाला वरून ओढत होता. एकदा आत बसल्यावर मात्र त्यांनी काचेतून नजर काढली नाही. ट्रक निघाला. दिव्यांच्या उजेडात रस्ता, कडेची झुडपं, पुन्हा रस्ता.

"माणूस दिसला की सांगा," मिशीवाला म्हणाला.

काकू डोळे फाडून बघत होत्या. काही दिसेना. आणि एकदम, अगदी चाकाशी म्हणावं इतक्या जवळ, डोक्यावर गवताचा भारा घेतलेला एक म्हातारा दिव्यात आला आणि गेलाही. काकू सीटवर मागे सरकल्या. "अगं आई! हा कुठून उगवला?"

"तो केव्हाचा चालतोय, बाई. आपल्याला आत्ता दिसला."

तेवढ्यात दूर, पार वळणाजवळ, दोन आडव्या रेघा लखकन पेटल्या. दिवे नव्हेत, पण दिव्यांसारख्याच. ट्रक बराच पुढे गेल्यावर कळलं, रस्त्याच्या डागडुजीचा एक कामगार होता. त्याच्या जॅकेटवरच्या पट्ट्या चमकत होत्या.

"थांबवा!" काकू ओरडल्या. मिशीवाल्याने घाबरून ब्रेक दाबला. काकू खाली उतरल्या, त्या कामगारासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या जॅकेटची कड दोन बोटांत धरून शिवण तपासायला लागल्या. तो बिचारा भांबावून उभा. "टीप अगदीच कच्ची घातलीय," काकू काकांकडे वळून म्हणाल्या. "पण कल्पना झकास आहे."

पट्टीचं रीळ कुठे मिळतं ते त्या कामगाराच्या मुकादमाने सांगितलं. तालुक्याच्या दुकानातून काकांनी ते आणलं, बरोबर डोळ्यांत भरणारं पोपटी कापड. मग काकूंच्या मशीनचा खरा कस लागला. पट्टीवर सुई घसरायची. नेहमीची सुई तर पहिल्याच दिवशी तीनदा मोडली. जाड कापडाची सुई लावली, तर दोरा तुटायला लागला. शेवटी दोरा बदलला, टाके लांब केले, पट्टी आधी कच्च्या धाग्याने टाचून घेतली, आणि पहिलं जॅकेट तयार झालं.

ते घालून बघायला काकूंनी चालणाऱ्या सगळ्याजणींना दुकानात बोलावलं. सगळ्याजणी जॅकेटकडे नुसत्या बघत राहिल्या.

"हे घालून चालायचं?" एक जण म्हणाली. "लोक म्हणतील, चला, गटार उपसायला आल्या."

"मला तर पोतं घातल्यासारखं होईल," दुसरीने नाक मुरडलं.

प्लॅस्टर गळ्यात अडकवून रेडिओवहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या. सासूबाईंचा डोळा चुकवून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला पोतं चालेल. चारीपेक्षा बरं."

मग काकूंनी टेप गळ्यात टाकली. "पोतं कोण देतंय तुम्हाला? टेलर आहे मी. एकेकीने पुढे या." कुणाला घट्ट बसायला कमरेत चिमटा हवा होता, कुणाला रुमालासाठी खिसा, कुणाला गळा जरा खोल. काकूंनी सगळं ऐकलं. प्रत्येकीचं जॅकेट तिच्या अंगाबरोबर बेतलं आणि पट्ट्या मात्र सगळ्यांना सारख्याच लावल्या: दोन आडव्या, पुढूनही आणि मागूनही.

घरच्यांची समजूत काढायचं काम काकांनी अंगावर घेतलं. ट्रकमधून त्यांनी जे पाहिलं होतं, ते गिरणीत दळायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे. काही नवऱ्यांना मिशीवाल्याच्या ट्रकमध्ये बसवून दाखवलं. रेडिओवहिनींच्या सासूबाईही हट्टाने ट्रकमध्ये चढल्या, आणि दुसऱ्या दिवशी काकूंच्या दारात येऊन म्हणाल्या, "माझंही माप घ्या."

पुन्हा चालणं सुरू झालं. आता मिशीवाल्याने शिकवलं तसं, गाड्या समोरून येतात त्या बाजूने, एकीमागे एक. टपरीवर चहा पिणाऱ्या पोरांनी पहिल्या दिवशी शिट्ट्या मारल्या. "वीज मंडळ आलं रे, वीज मंडळ!" रेडिओवहिनींनी चालता चालताच उत्तर दिलं, "हो ना, आणि तुझ्या डोक्यात उजेड पाडायला आलोय!" टपरीवाला इतका हसला की त्याच्या हातची किटली हिंदकळली.

काकासुद्धा चालायला लागले होते, पण मागून, फार मागून. चढ आला की खोकत कठड्यावर टेकायचे. काकू वळून बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. न बोलणं काकांना जास्त झोंबायचं. एकदा सत्तरीच्या सासूबाई त्यांना ओलांडून पुढे गेल्या आणि "बसा, बसा, घाई नाही," असं म्हणाल्या. त्या सकाळी घरी आल्यावर काकांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून चुलीत टाकलं. नंतरचे कितीतरी दिवस त्यांचं डोकं इतकं फिरलेलं असायचं की गिऱ्हाइकं पीठ घेऊन पळत सुटायची. पण पाकीट पुन्हा घरात आलं नाही.

थंडी सरत आली असताना एका सकाळी दाट धुकं पडलं. पुढचीची पाठ तेवढी दिसत होती. काकू म्हणाल्याही, "आज पुलापर्यंत नको, वळणावरून मागे फिरू." वळणाजवळ पोचल्या आणि धुक्यात काहीतरी धाडकन आदळल्याचा आवाज झाला. पाठोपाठ पत्र्याचा खणखणाट.

वळणावर कठड्याला आदळून दूधवाल्याचा टेम्पो रस्त्यात आडवा पडला होता. कॅन चहूकडे लोळत होते, डांबरावरून पांढरंशुभ्र दूध वाहत होतं. दूधवाला आत अडकलेला. पाय स्टेअरिंगखाली दाबला गेला होता. "मागे ट्रक आहेत," तो विव्हळत म्हणाला. "मला ओलांडून कुणी गेलेलं नाही. मागेच आहेत सगळे."

ट्रकच्या काचेतून दिसलेला तो रस्ता काकूंच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. धुक्यात, वळणावर, आडवा टेम्पो. कुणालाही दिसणार नव्हता.

"चौघी माझ्याबरोबर क्रशरच्या बाजूला! बाकीच्या पुलाकडे!" असा आवाज काकूंच्या गळ्यातून कधी निघाला नव्हता. "एकमेकींपासून लांब लांब उभ्या राहा. रस्त्यावर नाही, कडेला. जॅकेट काढा आणि जोरजोरात हलवा. अहो, तुम्ही दूधवाल्यापाशी थांबा!" मागून येऊन पोचलेल्या काकांना त्या म्हणाल्या.

आणि टेलरकाकू पळाल्या. चढावर दम लागायचा त्याच काकू, दुधाने भिजलेल्या चपला टाकून, अनवाणी, धुक्यात पळाल्या. वाटेत एकेकीला उभं करत गेल्या आणि सगळ्यांत पुढे स्वतः जाऊन थांबल्या. इंजिनाचा आवाज जवळ येत होता. काकूंनी जॅकेट डोक्यावर गरगर फिरवलं. धुक्यात दोन पिवळट डाग उमटले, मोठे झाले. पट्ट्यांवर उजेड पडला आणि त्या लखलखल्या. ब्रेक लागले. ट्रक घसरत घसरत काकूंना ओलांडून गेला, दुसरीला ओलांडून गेला, आणि तिसरीच्या पुढ्यात थांबला. टेम्पो अजून दूर होता.

दरवाजा उघडला आणि मिशीवाला खाली उतरला. "काय झालं?"

"दिवे चालू ठेवा आणि मागच्यांना थांबवा!"

मागचे थांबले. एकामागून एक, चार ट्रक. दुसऱ्या बाजूने गावाकडे येणारी सकाळची बस आली, माणसांनी गच्च भरलेली. तिथे सर्वांत पुढे रेडिओवहिनी उभ्या होत्या, प्लॅस्टर नुकतंच काढलेल्या हाताने जॅकेट हलवत, आणि गावभर बातम्या पोचवणारा तो आवाज सबंध ताकदीनिशी लावत. बसच्या ड्रायव्हरने नंतर सांगितलं, "आधी पट्ट्या दिसल्या का आधी ओरडणं ऐकू आलं, देव जाणे. पण पाय ब्रेकवर गेला."

ट्रकवाल्यांनी पहारी घालून दूधवाल्याला बाहेर काढलं. काकांनी तोवर त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं, त्याच्याशी सारखं बोलत होते. बसमधल्या कुणीतरी नर्सताईंना फोन लावला. त्या आल्या, पायाला फळी बांधली आणि त्याला गाडीतून पुढे पाठवलं. पाय मोडला होता, माणूस शाबूत होता.

धुकं विरायला लागलं. बसमधली माणसं उतरून टेम्पोकडे, उभ्या ट्रकांकडे, मधल्या वळणाकडे बघत होती. काय टळलं ते प्रत्येकाच्या ध्यानात येत होतं. टपरीवरची ती शिट्टी मारणारी पोरं दुधाचे कॅन उचलून कडेला लावत होती. त्यांतला एक काकूंपाशी आला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "काकू, मी सायकलने कामाला जातो. अंधारातच. मला एक मिळेल?"

काकू अजून धापा टाकत होत्या. "छाती केवढी?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर मशीनला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सायकलवाले आले, मेंढरं घेऊन जाणारे आले, दूधवाला कुबड्या टेकत आला. क्रशरच्या मालकाला गावाने बैठकीला बोलावलं. काकू आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोलल्या नव्हत्या, पण त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आम्ही दिसायची सोय आम्ही केली. आता सावकाश येण्याची सोय तुम्ही करा." टाळ्या थांबेनात. मालकाने ट्रक हळू चालवायला सांगेन, उजाडण्याआधी सोडणार नाही असं कबूल केलं, आणि रस्त्याच्या कडेला पायी चालणाऱ्यांसाठी खडी-मुरमाची वेगळी वाट करायला खडी आणि रोलरही दिला. श्रमदानाला सगळं गाव लोटलं. सासूबाईंनी खुर्ची टाकून देखरेख केली.

वाट पुरी झाली त्याच सुमाराला नर्सताईंनी काकूंच्या बोटातून पुन्हा थेंब घेतला. यंत्राकडे पाहून त्या खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी काकूंना मिठीच मारली. "आटोक्यात आली! गोळी निम्मी करायला डॉक्टरांना सांगते." काकांनीही न सांगता छाती तपासून घेतली आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असा एक लांबलचक श्वास घेऊन दाखवला.

नव्या वाटेचं उद्घाटन टेलरकाकूंच्याच हातून, यावर कुणाचं दुमत नव्हतं. कोवळ्या उन्हात सारं गाव जमलं. वाटेच्या तोंडाशी लाल साटिनची फीत बांधली होती. नर्सताईंनी तबकातून कात्री पुढे केली. काकूंनी कात्री घेतली नाही. फितीचं टोक बोटांत धरून पाहिलं.

"एवढं चांगलं साटिन," त्या म्हणाल्या, "कापायचं कशाला?"

त्यांनी गाठ सोडली, फितीची घडी घालून जॅकेटच्या खिशात टाकली आणि झपझप चालू लागल्या. मागून रेडिओवहिनी ओरडल्या, "अहो काकू, थांबा की जरा!" पण काकू कसल्या थांबतात. सगळं गाव त्यांना गाठायला पळत सुटलं.